न पुसण्याचा वसा

ऐक शीतळाआई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता घ्या, मोबाईल पदराखाली ठेवा.

आटपाट नगर होतं. नगराला वेस होती, वेशीपाशी पोस्ट होतं, पोस्टासमोर टेस्ट ट्यूबचा मोठा दवाखाना होता. त्या नगरात द्वारकाबाई नावाची एक बाई राहत असे. तिला एक मुलगा होता, त्याचं नाव मुकुंद. मुकुंदाला बायको होती, तिचं नाव शरयू. मुकुंद कारखान्यात जाई, शरयू पोस्टात काउंटरवर बसे, द्वारकाबाई घर राखी. घरात दूध होतं, दुभतं होतं, फ्रीज होता, कपडे धुवायचं मशीन होतं. पाळणा तेवढा नव्हता.

सासूसुनेचं चांगलं मेतकूट जमलं होतं. सासू सुनेच्या डोक्यावर तेल घाली, सून सासूच्या डोळ्यांत थेंब घाली. द्वारकाबाई मनानं लोणी होती. पण तिच्या जिभेला हाड नव्हतं. पोटात आलं की ओठांवर आलं, ओठांवर आलं की गल्लीत गेलं. तीस वर्षं ती शीतळासप्तमी पाळीत असे. आदल्या दिवशी रांधी, सप्तमीला गार पाण्यानं न्हाई, शेगडीला हळदकुंकू वाही, दिवसभर चूल पेटवीत नसे. दहीभात खाई आणि म्हणे, "शीतळाआई, माझ्या घरातली लेकरं थंड राख."

शरयूच्या लग्नाला एक वर्ष झालं, दोन झाली, आठ झाली. देव झाले, नवस झाले, काढे झाले. मग दोघं नवराबायको दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, त्याला तपासलं, दोघांचं रक्त तपासलं. म्हणाल्या, "दोष हिच्यात नाही, दोष ह्याच्यात नाही. का राहत नाही ते आम्हालाही सांगता येत नाही. आपण टेस्ट ट्यूब करू." मग शरयूनं पोटात सुया घेतल्या. एक घेतली, दोन घेतल्या, बारा दिवस घेतल्या. पोट काळंनिळं झालं, काउंटरवर धड बसवेना, तरी कुणाला काही बोलली नाही. मग डॉक्टरीणबाईंनी तिचं बीज काढलं, त्याचं बीज घेतलं, काचेच्या बशीत दोन्ही एकत्र केली. पाचव्या दिवशी तीन गर्भ तयार झाले. राईच्या दाण्याहून लहान. बाईंनी ते थंडगार पिंपात जपून ठेवले. म्हणाल्या, "शरयूच्या अंगाला आधी विसावा मिळू दे. मग एकेक करून पोटात ठेवू."

मुकुंदानं घरी येऊन आईला सांगितलं, "आई, तीन आहेत. बर्फाहून थंड जागी ठेवलेत."

मार्गशीर्षाचे दिवस होते, बाहेर कडाका पडला होता. द्वारकाबाई म्हणाली, "अरे मेल्या, तीन नातवंडं माझी, आणि ती बर्फात? अंगावर काही घातलं की नाही त्यांच्या?" मुकुंदानं समजावलं, शरयूनं समजावलं, तिला काही पटेना. मग तिनं काय केलं? ट्रंक उघडली, आपलं जुनं मऊ पातळ काढलं, फाडलं, त्याच्या घड्या घातल्या. तीन लहानग्या गोधड्या शिवायला घेतल्या. मुकुंद हसला, शरयूही हसली. हसता हसता तिनं सासूला सुईत दोरा ओवून दिला.

माघ आला. डॉक्टरीणबाईंनी पहिला गर्भ शरयूच्या पोटात ठेवला. म्हणाल्या, "चौदा दिवसांनी रक्त तपासू. तोवर काही कळायचं नाही." चौदा दिवस दम धरील ती द्वारकाबाई कसली! तिला वाटलं, नातू बर्फातून सुटला, आईच्या पोटात निजला, आता राहिलं काय? तिनं खव्याची बर्फी केली. बर्फातून आला म्हणून बर्फी. उजव्या घरी दिली, डाव्या घरी दिली, समोरच्या मंदाकाकूंना तर डबाच नेऊन दिला. पंधराव्या दिवशी कळलं, राहिलं नाही. मग काय झालं? ज्यानं ज्यानं बर्फी खाल्ली, त्यानं त्यानं शरयूला पुसलं. भाजीवाल्यानं पुसलं, दळणवाल्यानं पुसलं, मंदाकाकूंनी तर पोस्टात जाऊन काउंटरच्या काचेला नाक लावून पुसलं, "काय गं, काय झालं?" शरयू एकेकाला सांगे, "नाही राहिलं," आणि पाकिटावर शिक्का मारी.

चैत्र आला. दुसरा गर्भ ठेवला. या खेपेला द्वारकाबाई शहाणी झाली. गल्लीत चकार शब्द काढला नाही. पण पोटातली वाफ जाईल कुठं? ती सारी सुनेवर गेली. रोज सकाळी सून उठली की पुसे, "काही वाटतंय का?" दुपारी फोन करून पुसे, "मळमळतंय का?" संध्याकाळी दारातच पुसे, "आज काही वेगळं?" शरयू म्हणे, "नाही आई." असं एक दिवस झालं, दोन दिवस झालं, चौदा दिवस झालं. पंधराव्या दिवशी रक्त तपासलं. राहिलं नव्हतं. शरयू घरी येऊन भिंतीला टेकून बसली. तेव्हा पाठीवरून हात फिरवायचा की नाही? पण द्वारकाबाईच्या पोटात दुःख उसळलं, आणि जिभेवर येईतो त्याचा निखारा झाला. ती म्हणाली, "वावटळ आली तेव्हा पापड गोळा करायला गच्चीवर धावलीस ना? मी तेव्हाच म्हटलं होतं."

शरयूनं वर पाहिलं. रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "आई, चौदा दिवस तुम्ही मला पुसत होतात, चौदा दिवस मी सांगत होते. आता माझ्यापाशी सांगायला काही उरलं नाही." तिनं पिशवी भरली, चपला घातल्या, नदीपल्याड माहेरी निघून गेली. जाताना डॉक्टरीणबाईंना सांगून गेली, तिसऱ्याचं एवढ्यात काही नाही.

मग घर कसं झालं? ओकंबोकं झालं. मुकुंद रविवारी सासुरवाडीला जाई, परत येई, आईशी कामापुरतं बोले. द्वारकाबाई स्वतःच स्वतःच्या डोळ्यांत थेंब घालायला जाई, तर ते गालावर पडत. मग ती गोधडी घेऊन बसे. दोन गोधड्या झाल्या होत्या, त्या तिनं ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिल्या. तिसरी आषाढात पुरी झाली. तिला वाटलं, सून गेली, मुलगा बोलत नाही, पण तिसरं अजून तिथं थंडीत एकटंच आहे. त्याला तरी पांघरूण पोचवावं. तिनं गोधडी पिशवीत घातली, रिक्षा केली, दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "बाई, एवढी गोधडी आमच्या तिसऱ्याच्या अंगावर घाला." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, भल्या घरच्या होत्या. त्यांनी द्वारकाबाईला आत नेलं, काचेतून पिंप दाखवलं. पिंपाच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती. बाई म्हणाल्या, "आजी, त्याला थंडीच हवी. थंडी आहे म्हणून ते टिकलंय. अवेळी ऊब लागली, तर संपलंच." द्वारकाबाईनं पिंपाला हात जोडले आणि मागे फिरली.

बाहेर बाकावर येऊन बसली आणि पदर डोळ्यांना लावला. तिथं एक म्हातारी मावशी काम करीत होती. एका हातात केरसुणी, दुसऱ्या हातात पाण्याची बादली, पायात भेगा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती केर काढी, फरशी पुशी, पुन्हा केर काढी. पुसत पुसत द्वारकाबाईच्या पायांशी आली. म्हणाली, "बाई, पाय वर घे. रडतेस कशानं?"

द्वारकाबाईनं सारं सांगितलं. बर्फीचं सांगितलं, पापडाचं सांगितलं, गोधडीचं सांगितलं. मग सवयीनं म्हणाली, "आणि मावशी, तुम्हाला लेकरं किती? सुना नांदतात ना?"

मावशीनं फडकं बादलीत आपटलं. "हेच! हेच तुझं! अगं, पुसणं माझं काम. मी फरशी पुसते, तू माणसं पुसतेस. मी पुसलं की डाग जातो, तू पुसलंस की डाग पडतो."

मावशी तिच्या शेजारी टेकली. म्हणाली, "वर्षाची एक सप्तमी चूल थंड ठेवतेस. जिभेची चूल मात्र बारा महिने धडधडते. सून थंडीत काही जपत होती, तू तिथं निखारे नेऊन ठेवलेस. बरं, आठवून सांग. हा मुकुंद तुला लग्नानंतर कितव्या वर्षी झाला?"

"सहाव्या," द्वारकाबाई म्हणाली.

"त्या सहा वर्षांत तुला कोण कोण पुसत होतं?"

द्वारकाबाईला आठवलं. सासू पुसे, जाऊ पुसे, वाटेवरचं माणूस पुसे. नळावर हंडा भरायला जाऊन ती हंडा भरेपर्यंत रडे, पाण्याच्या आवाजात कुणाला ऐकू जात नसे. तीसएक वर्षांत हे सारं ती विसरून गेली होती. आता तिला आपलीच अशी लाज वाटली, की मान वर होईना. मग तिनं मावशीचे पाय धरले. "मावशी, तू सामान्य बाई नाहीस. मला काही वसा सांग."

"सांगितला तर उतशील, मातशील, घेतला वसा टाकशील."

"उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही."

"मग ऐक. श्रावणमास येईल, शीतळासप्तमी येईल. आदल्या दिवशी रांधावं, सप्तमीला गार पाण्यानं न्हावं, चूल पेटवू नये. एवढं तू करतेसच. पुढचं तुला कुणी सांगितलं नाही, ते मी सांगते. त्या दिवसापासून वर्षभर जिभेची चूल थंड ठेवावी. कुणाही लेकीसुनेला कधी, असं पुसू नये. का नाही, असं पुसू नये. कुणामुळं, असं पुसू नये. कुणी आपल्याला पुसलं, तर सुनेचं उत्तर आपण देऊ नये. ती आपण होऊन सांगेल ते ऐकावं, ऐकून पोटात ठेवावं. अगदीच राहवेना, तर फडकं घ्यावं नि फरशी पुसावी."

द्वारकाबाई म्हणाली, "आणि असं केलं म्हणजे नातू होईल? कधी होईल?"

"पुसलंस?" मावशी म्हणाली. "अजून वसा घेतलाही नाहीस, तोच मोडलास. फळ पाहून वसा घ्यायला हा काय आंब्याचा बाजार आहे? जमलं तर घे, नाहीतर पाय वर घे, मला पुढं पुसायचंय."

"घेते," द्वारकाबाई म्हणाली.

"मग ती गोधडी मला दे. थंडीनं माझे गुडघे धरलेत." मावशीनं गोधडी गुडघ्यांवर टाकून पाहिली, घडी करून कमरेला खोचली आणि लांबच लांब बोळ पुसत निघून गेली.

श्रावण आला, सप्तमी आली. द्वारकाबाईनं गार पाण्यानं न्हाण केलं, चुलीला हळदकुंकू वाहिलं, वसा घेतला. दहीभाताचा डबा भरला आणि नदीपल्याड सुनेच्या माहेरी गेली. विहीणबाईंनी पाट दिला, पाणी दिलं. शरयू दारात येऊन उभी राहिली.

द्वारकाबाई म्हणाली, "शरयू, मी तुला न्यायला आलेय."

"तिसऱ्यासाठी?" शरयू म्हणाली.

"तुझ्यासाठी. पापडावरून जे बोलले ते नुसतं पाप बोलले. बर्फी वाटली तेही चुकले. सासूनं सुनेला चुकले म्हणू नये असं म्हणतात, पण मी म्हणते."

शरयू म्हणाली, "आणि आई, तिसरं मी ठेवलंच नाही तर?"

'का नाही' असं द्वारकाबाईच्या जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं. तिनं कोपऱ्यातलं फडकं घेतलं आणि विहिणीची ओसरी पुसायला बसली. विहीणबाई धावल्या, "अहो, हे काय, अहो, राहू द्या!" तिनं ऐकलं नाही. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुसली, उंबरा पुसला, पायरी पुसली. मग उठून म्हणाली, "नाही तर नाही. जीव तुझा, पोट तुझं. घर मात्र आपलं आहे, तुझ्यावाचून तिथं मला करमत नाही."

शरयू त्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी पोस्ट सुटल्यावर पिशवी घेऊन घरी आली. द्वारकाबाईनं दार उघडलं, पिशवी हातातून घेतली आणि म्हणाली, "भाकरी टाकते."

मग वशाची परीक्षा सुरू झाली. भाद्रपदात मंदाकाकू आल्या. म्हणाल्या, "काय हो, सून आली म्हणे. काही गोड बातमी?" द्वारकाबाई म्हणाली, "गोड ना? शेवयांची खीर केलीय, वाटी घेऊन या." मंदाकाकू वाटी घेऊन आल्या, दोनदा खीर खाल्ली, बातमी काही मिळाली नाही. दिवाळीत द्वारकाबाईची नणंद आली. म्हणाली, "वहिनी, दोष आहे तरी कुणात?" द्वारकाबाई म्हणाली, "माझ्या जिभेत होता. औषध चालू आहे." नणंद दुसऱ्याच दिवशी गावी गेली आणि भावजयीला काहीतरी झालंय असं सगळ्यांना सांगत सुटली.

तिसरी परीक्षा घरातच होती. ती रोजची होती. सून जरा उशिरा उठली, की द्वारकाबाईच्या ओठांवर प्रश्न येई. सुनेनं लोणचं जास्त खाल्लं, की प्रश्न येई. सून नुसतीच खिडकीतून बाहेर बघत बसली, की दहा प्रश्न येत. मग ती फडकं घेई. स्वयंपाकघर पुशी, माजघर पुशी, कधी कधी अंगण पुशी. मुकुंद म्हणे, "आई, मातीचं अंगण कुणी पुसतं का?" फरशी अशी लखलखली की तो दोनदा घसरला.

असं होता होता थंडी आली. एके दिवशी शरयू सासूच्या डोळ्यांत थेंब घालीत होती. थेंब घालून झाले, तरी तिनं हात काढला नाही. आपण होऊन म्हणाली, "आई, मला भीती वाटते. तिसरं ठेवलं आणि गेलं, तर मग तिथं आपलं काहीच उरणार नाही. म्हणून ठेववत नाही." द्वारकाबाईचे डोळे मिटलेले होते, थेंब आत होते, वरून आसवं आली. ती म्हणाली, "हो गं बाई." एवढंच म्हणाली. ऐकलं, ऐकून पोटात ठेवलं. शरयूनं पदरानं तिचे डोळे टिपले. त्या दिवसापासून शरयू थोडं थोडं सांगू लागली. कधी दवाखान्याचं सांगे, कधी पोस्टातलं सांगे, कधी नुसतीच जवळ येऊन बसे.

होळी गेली, पाडवा गेला, आषाढ सरत आला. एके सकाळी शरयू आणि मुकुंद फाइल घेऊन बाहेर पडली. दुपारी परत आली. शरयू पडून राहिली, मुकुंद तिच्या उशाशी बसला. द्वारकाबाई समजायचं ते समजली. तिसरं ठेवलं. तिचे हात जोडले गेले, जीभ शिवशिवली. तिनं काही पुसलं नाही. सुनेसाठी मऊ भात केला, ताट उशाशी ठेवलं आणि बादली उचलली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले, चौदा दिवस गेले. त्या चौदा दिवसांत तीन फडकी फाटली.

पंधरावा दिवस उजाडला. तो नेमका शीतळासप्तमीचा होता. द्वारकाबाईनं गार पाण्यानं न्हाण केलं, शेगडीला हळदकुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. दुपारी गल्लीतल्या बाया कहाणी ऐकायला जमल्या. मंदाकाकू आल्या, उजव्या घरची आली, डाव्या घरची आली. हातात अक्षता घेऊन सगळ्या बसल्या. तेवढ्यात दारात शरयू उभी राहिली. रक्त तपासून, उत्तर घेऊन, पोस्टातून अर्ध्या दिवसानं घरी आली होती. चेहरा पांढरा, ओठ पांढरे. बायांनी पाहिलं. प्रत्येकीच्या ओठांवर प्रश्न आला. द्वारकाबाईच्या ओठांवरही आला, आणि या खेपेला फडकं घ्यायलाही तिच्या हातात बळ उरलं नाही. तरी तिनं पुसलं नाही. नुसती सरकली आणि शेजारी जागा केली.

शरयू बायांमधून वाट काढीत आली, सासूजवळ बसली, तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. म्हणाली, "आई, नाही राहिलं. फोन आला नि पाय इकडंच वळले. मुकुंदाला अजून सांगितलं नाही. तुम्हाला आधी सांगावंसं वाटलं."

द्वारकाबाईनं तिला पोटाशी धरलं. दोघी रडल्या. पहिल्यासाठी रडल्या, दुसऱ्यासाठी रडल्या, तिसऱ्यासाठी रडल्या. सुनेचा हात हातात घेतला तर तो गार पडला होता, दातांवर दात आपटत होते. मग द्वारकाबाई उठली. ओट्यापाशी गेली, भांडं घेतलं, पाणी घेतलं, आलं ठेचलं. हळदकुंकू वाहिलेल्या शेगडीपाशी काडी ओढली.

बाया ओरडल्या, "अहो, सप्तमी! अहो, चूल! शीतळाआई कोपेल!"

"कोपू दे," द्वारकाबाई म्हणाली. "तिची समजूत मी काढीन. माझी लेक गारठलीय." आणि तीस वर्षांचा नेम मोडून तिनं गॅस पेटवला.

चहाला उकळी आली, तो दाराशी केरसुणी आपटल्याचा आवाज झाला. उंबऱ्यात एक म्हातारी उभी. पायात भेगा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, डोक्यावर सूप. मंदाकाकूंनी डोळे मिटून घेतले. द्वारकाबाईनं तिला ओळखलं. ती म्हणाली, "आई, चूल पेटवली. काय शिक्षा करायची ती मला कर, माझ्या सुनेला करू नकोस."

म्हातारी आत आली, भिंतीला टेकून ऐसपैस बसली. म्हणाली, "शिक्षा कसली? जे थंडीनं जगतं, ते मी थंडीत राखते. जे थंडीनं मरतं, त्याला ऊब द्यायला घरोघर तुमच्यासारख्या बाया ठेवल्यात. कुठं गार राहायचं आणि कुठं पेटायचं, एवढं कळण्यासाठीच तर वसा असतो. तुला कळलं. आता उभी काय राहिलीस? पोरीला चहा दे. अर्धा कप मलाही टाक, साखर कमी."

द्वारकाबाईनं सुनेला चहा दिला, देवीला चहा दिला. देवी बशीत ओतून फुंकून फुंकून प्यायली. द्वारकाबाई तिच्याकडं नुसती पाहत राहिली. एकच गोष्ट मनात होती, ती ओठांवर येऊ देत नव्हती. देवी म्हणाली, "पुसलं नाहीस, म्हणून सांगते. तिघंही माझ्या सुपात निजलीत. त्यांना थंडी वाजत नाही." शरयूनं ते ऐकलं. तिनं कप दोन्ही हातांत धरला आणि ती चहा प्यायली. देवीनं बशी पालथी घातली, केरसुणी उचलली, आली तशी निघून गेली.

मग पुढं काय झालं? शरयू आणि मुकुंदानं पुन्हा टेस्ट ट्यूब केली का? एखादं लेकरू दत्तक घेतलं का? का दोघंच्या दोघं सुखानं राहिली? पाहा, पाहा, हातातल्या अक्षता विसरून सगळ्या कशा पुढं सरकल्यात! बायांनो, इतका वेळ काय ऐकलंत? शरयूला सांगावंसं वाटेल तेव्हा ती सांगेल, ज्याला सांगावंसं वाटेल त्याला सांगेल. आपण पुसू नये. हाच तो वसा, आणि तो तुम्ही आत्ता ऐकता ऐकता घेतलात.

शीतळाआई, जशी द्वारकाबाईची जीभ निवली, तशी तुझ्या कहाणीला बसलेल्या सगळ्यांची निवू दे. जशी तिला पोटची नसलेली लेक मिळाली, तशी ज्याची त्याला मिळू दे. ज्या घरात कुणी काही जपत बसलं असेल, त्या घरावर तुझी गार सावली राहू दे. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरी, एकही प्रश्न न पुसता, सुफळ संपूर्ण.